आधी उसवून बघू

आक्कांच्या घरात कात्री नव्हती. कात्री नसलेलं घर असतं का, असं कोणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगेन, असतं, मी त्यात राहिलेय. शाहूपुरीत, दुकानांच्या रांगेमागच्या एका गल्लीत, खाली आक्का आणि माडीवर मी भाडेकरू. पहिल्या सकाळी माझं सामान अजून खोक्यांत होतं. दुधाची पिशवी हातात घेऊन मी जिन्यावरून हाक मारली, "आक्का, जरा कात्री मिळेल का?"

"कात्री न्हाई आमच्यात," खालून आवाज आला. "विळी हाय. पायजे तर घिऊन जा."

मला वाटलं, कुठेतरी हरवली असेल. मग कळलं की त्या घरात कात्री कधी आलीच नव्हती. सुतळी विळीवर कापायची, बटणाचा दोरा दातांनी तोडायचा. दात हायत तवर कात्री कशाला, असं त्यांचं म्हणणं. हेही मी चालवून घेतलं असतं. प्रत्येक घराची एक तऱ्हा असते. पण ही बाई जन्मभर क्रोशाचं विणकाम करत आली होती, आणि विणकाम करणाऱ्या बाईच्या घरात कात्री नाही, हे सुताराच्या घरात करवत नसण्यासारखं होतं.

त्याचं कारण असं. क्रोशात शेवटचा टाका झाला की दोरा कापतात आणि त्याचं टोक फाशातून ओढून घेतात. मग ती वस्तू पक्की होते. आक्का शेवटच्या फाशात सेफ्टी पिन अडकवायच्या. रुमाल असो, तोरण असो, एक-दोन दिवस ते खुंटीला टांगलेलं असायचं. येता-जाता त्या त्याच्याकडे मान तिरकी करून बघायच्या, पाहुण्याला बघावं तसं. मग एका सकाळी पिन काढून बांगडीत अडकवायच्या आणि दोऱ्याचं टोक ओढायच्या. सरसर करत सगळं उसवायचं, आणि त्याची परत गुंडी.

एवढी वर्षं विणून त्या घरात विणलेलं असं काही नव्हतंच. टीव्हीवर रुमाल नाही, दाराला तोरण नाही. मी एकदा न राहवून विचारलं, "आक्का, मग विणता कशाला?"

"तू गाणं म्हणतीस तवा ते डब्यात भरून ठिवतीस व्हय?"

मी गाणं म्हणत नाही, आणि हे त्यांना माहीत होतं. पण त्यांच्यापुढे असले मुद्दे काढून उपयोग नसे.

त्यांचं माहेर कर्नाटकच्या हद्दीला लागून. तिथल्या चिक्कव्वानं, म्हणजे धाकट्या मावशीनं, त्यांना लहानपणी एक सुई आणि पांढऱ्या दोऱ्याची एक गुंडी दिली. दुसरी गुंडी काही मिळाली नाही. मग त्या एकाच गुंडीवर साखळी शिकायची, उसवायची. खांब शिकायचा, उसवायचा. फूल, पान, मोर, सगळं त्याच दोऱ्यावर. "दोरा काळा पडला, पन तुटला न्हाई," त्या सांगायच्या. "कापला आस्ता तर गाठी आल्या आस्त्या. गाठीत सुई अडती." पुढे लग्न होऊन कोल्हापुरात आल्या, यजमानांचं शाहूपुरीत भांड्यांचं दुकान होतं, हव्या तेवढ्या गुंड्या आणता आल्या असत्या. पण सवय ती सवय. यजमान गेले, मूलबाळ नव्हतं, दुकान पुतण्यांनी घेतलं. सवय तेवढी राहिली.

दिसायला त्या अगदी साध्या होत्या. सुती पातळ, कपाळ मोकळं, चष्म्याच्या एका काडीला रबर गुंडाळलेलं. घराणं जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण. कांदा-लसूण त्या खात नसत, पण माझ्या फोडणीला त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. मी ओशाळून एकदा विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "वास वर जातोय. मी खाली हाय. माझं काय जातंय?" असली घरमालकीण मला पुण्यात सात जन्मांत मिळाली नसती.

आता माझं काम सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. मी एका दोऱ्याच्या कंपनीत होते. माझ्या हुद्द्याचं नाव इतकं लांब आणि इंग्रजी होतं की आई शेजारणींना नुसतं "दोऱ्यात आहे" असं सांगायची. काम सोपं होतं. विणकाम, भरतकाम करणाऱ्या छंदिष्ट बायकांचे फेसबुकवरचे, व्हॉट्सॲपवरचे ग्रुप शोधायचे, त्यांच्यात शिरायचं, गोड बोलायचं, आणि बोलता बोलता आमचा दोरा पुढे करायचा. कंपनीत याला 'नातं जोडणं' म्हणत. वर्षभराच्या करारावर मला कोल्हापूर आणि आसपासचा भाग दिला होता.

आल्याबरोबर माझ्या कानावर एका ग्रुपचं नाव आलं. 'मुका खांब'. हा क्रोशातला एक बुटका टाका. पण नावाइतकं विसंगत तिथे दुसरं काही नव्हतं, कारण त्या ग्रुपातल्या बायका अखंड बोलत. हुपरी, गडमुडशिंगी, इचलकरंजी, निपाणी, कुठल्या कुठल्या बायका होत्या. दोऱ्याच्या दुकानांत मला सगळे एकच सांगत, मुका खांबात चांगलं म्हटलं तर माल खपतो, नाही म्हटलं तर धूळ खातो. कंपनीचा जीव त्या ग्रुपवर लागला होता. पण आत जायची वाट सापडत नव्हती. ॲडमिनचा फोटो म्हणजे एक गुंडी, आणि नाव नुसतंच 'ॲडमिन'.

मी अदबीनं निरोप पाठवला. उत्तर आलं, "कोण पावणं? कुटलं गाव?" मी कंपनीची ओळख, धोरण, दोन्ही बाजूंचा फायदा, सगळं सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, "त्ये ऱ्हाऊ दे. कुनाच्यात उतरलाय त्ये सांगा." शेवटी कंटाळून मी पूर्ण पत्ता लिहिला. शाहूपुरी, अमुक गल्ली, पिठाच्या गिरणीशेजारचं घर, माडीवर.

निरोप गेला. मग खालून घर हादरेल असा आवाज आला, "अगं, ह्यो तर माझाच पत्ता हाय की!"

मी जिना उतरून गेले तर आक्का फोन तोंडासमोर धरून खो खो हसत होत्या. त्या निरोप बोटांनी लिहीत नसत. फोनला तोंड लावून ओरडायच्या आणि फोन बिचारा लिहून घ्यायचा. म्हणजे इतके दिवस खालून जो आरडाओरडा ऐकू येई, आणि जो मी पुतण्यांशी चाललेलं भांडण समजत होते, तो ग्रुपचा कारभार होता.

कारभार कडक होता. सुप्रभात पाठवलं की सदस्यत्व गेलं. देवाचा फोटो पाठवला तरी गेलं. अर्थात, काढून टाकलेल्या बाईला दुपारी आक्कांचा फोन जायचाच, "जेवलीस का? मग ये परत." दिवे लागायच्या वेळेला ग्रुपला कुलूप. त्यांच्या जेवणासारखंच, सूर्यास्तानंतर कुणीही तोंड उघडायचं नाही. "रातच्याला डोळ्यांस्नी इस्रांती पायजे. आन् नवऱ्यांस्नी बी," असं त्या वर म्हणायच्या.

आत यायची अट मात्र एकच. आपण चुकलेल्या विणकामाचा फोटो पाठवायचा. चांगल्याचा नाही, चुकलेल्याचा. "बरं झालेलं सगळीच दावत्यात," आक्का म्हणायच्या. "चुकलेलं दावलं की मानूस आपलं झालं." भाडेकरू म्हणून मला सूट मिळेल असं वाटलं होतं. कसली सूट! सुई हातात देऊन बसवलं. माझ्या पहिल्या साखळीचे टाके, एक घट्ट तर एक ढगळ. त्याचा फोटो त्यांनी स्वतः काढून ग्रुपवर घातला आणि खाली बोलून घेतलं, "ही माझ्या माडीवरची. दोऱ्याच्या कंपनीत हाय, पन विनाया येत न्हाई." त्या दिवशी ग्रुपात जो हशा पिकला, तो आठवला की अजून माझे कान गरम होतात. पण मी आपली झाले.

मग कंपनीनं नवीन दोरा काढला. मऊ, चमकदार, आकाशी रंगाचा तर असा की हात लावल्यावर सोडवेना. मुंबईच्या साहेबांचं ठरलं की त्याची पहिली ओळख आक्कांच्या घरून थेट फेसबुकवर करायची, आणि मग मुका खांब कंपनीच्या परिवारात घ्यायचा. मला स्पष्ट सांगितलं होतं, हे जमलं तर करार पुढे वाढेल, नाहीतर इथलं काम बंद.

मी हे आक्कांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्याशी आडपडदा ठेवून बोलणं मला जमत नसे.

"आन् न्हाई जमलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी पुण्याला परत."

आक्का पातेल्यातलं ताक उगाच ढवळत बसल्या. माडीवर माझ्या आधी बरीच वर्षं कुणी नव्हतं, हे मला गिरणीवाल्यानं सांगितलं होतं. संध्याकाळी ग्रुपला कुलूप लावलं की त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन बसत, मी वरच्या पायरीवर, आणि आमच्या गप्पा चालत. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नसे. तेवढ्या गप्पांसाठी मी ऑफिसचे फोन चुकवलेत.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "दोरा आन. आधी उसवून बगू."

हे त्यांचं नेहमीचंच वाक्य. सून बघायला निघालेल्या बाईला, नवीन मोबाइल घेणाऱ्याला, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या पुतण्यालासुद्धा त्यांनी हेच सुनावलं होतं. विणताना सगळेच दोरे शहाण्यासारखे वागतात, खरी जात उसवताना कळते, असा त्यांचा सिद्धान्त होता.

त्याच आठवड्यात हुपरीची वहिनी आली. ग्रुपातली जुनी बाई, घरात बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडायचं काम करायची, आणि कोल्हापूरला आली की स्टँडवरून सरळ आक्कांकडे. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. आकाशी गुंडी गालाला लावून वहिनी म्हणाली, "आक्का, ह्येचंच टोपडं आन् झबलं करतो बघा. जल्मल्या जल्मल्या घालतो."

"थांब जरा. उसवून बगू दे."

"तुमी व्हय म्हटल्याबिगर मी कुटं सुई लावतोय?" वहिनी म्हणाली आणि गुंडी पिशवीत ठेवून बसला गेली.

आक्कांनी विणायला घेतलं. पहिल्यांदा विणून उसवलं, दोरा झकास. दुसऱ्यांदा विणलं, धुतलं, वाळवलं, उसवलं, बरा. तिसऱ्यांदा उसवताना मी समोर होते. त्यांच्या गडद निळ्या पातळावर आकाशी केस पडत होते, मांजर मांडीवर बसून गेल्यासारखे. आक्कांनी एक केस चिमटीत धरला, उजेडाकडे केला आणि माझ्याकडे बघितलं. दोघींनाही वहिनीचं बाळ आठवलं होतं. तान्हं पोर हाताला लागेल ते ओढतं, तोंडात घालून चघळतं, आणि तेवढ्यानंही हे केस सुटले असते.

मी साहेबांना फोन केला. म्हटलं, दोरा तिसऱ्यांदा उसवला की केस सोडतोय, जरा थांबू या.

"अहो, पण आजकाल उसवतं कोण?" साहेबांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं.

"आमच्या घरमालकीणबाई," मी म्हटलं.

माल दुकानांत पोचला होता, जाहिराती ठरल्या होत्या. आजींना समजावून सांगा, दोन शब्द चांगले बोलू द्या, एवढंच तर हवंय, असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला. मी जिन्यावरून उतरले, आणि आक्कांना समजावून वगैरे काही सांगितलं नाही. साहेब काय म्हणाले तेवढं सांगितलं. एकीकडे वाटत होतं, बोलाव्यात बाई दोन गोड शब्द, कुणाचं काय जातंय. दुसरीकडे वहिनीची ती पिशवी डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

ठरलेल्या दुपारी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, सतरंजी घातली. फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला, कारण मी आणलेला स्टँड आक्कांना "तीन पायांचं भूत" वाटत होता. बायका भराभर जोडल्या जाऊ लागल्या. मुंबईहून साहेब बघत होते. आक्कांनी आधी सगळ्यांना जेवलात का विचारलं. मग आकाशी रुमाल हातात घेतला, पिन काढून बांगडीत अडकवली आणि बोलता बोलता उसवायला सुरुवात केली.

"रंग बगा. असा रंग मी जल्मात बगितला न्हाई. हाताला मऊ. सुईवर पळतोय निस्ता. तोरन करा, पडदा करा, घरात शोभा यील." त्या थांबल्या. "पन बायांनो, बाळाला नगं. धुऊन उसवला की केस सुटत्यात. हे बगा." आणि पातळाचा ओचा त्यांनी फोनपुढे धरला.

खाली निरोपांची नुसती झुंबड उडाली. आक्का मात्र अजून संपल्या नव्हत्या. बरणीच्या जवळ तोंड नेऊन त्या ओरडल्या, "आन् मुंबैचं सायेब बगत आसतील तर आयका. दोरा नीट करून आना, मी सोता बायांस्नी सांगतो घ्या म्हनून. माडीवरच्या पोरीचा ह्यात काय दोष न्हाई. लई गुनाची हाय. तिला पाठवू नगा."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला. मी बरणीमागे उभी होते आणि रडत होते. लाज वाटत होती, आणि अभिमानही वाटत होता. त्या दिवशी माझी बाजू घेऊन कुणीतरी अख्ख्या जिल्ह्यासमोर बोललं होतं.

साहेबांनी दोरा नीट करून आणला नाही. काही दिवसांनी पत्र आलं की हा ग्रुप कंपनीच्या धोरणात बसत नाही आणि इथलं काम महिनाअखेर थांबवत आहोत. कंपनीनं दुसऱ्या कुठल्या शहरातल्या ग्रुपशी नातं जोडलं. पत्र वाचून मी चिडले. कंपनीवर चिडले, आणि खोटं कशाला सांगू, आक्कांवरही. संध्याकाळी जिन्यावर बसले नाही. दुसऱ्या दिवशी हुपरीच्या वहिनीचा फोटो आला. नातू झाला होता, डोक्यावर जुन्याच पांढऱ्या दोऱ्याचं टोपडं, आणि टोपड्याची एक कड त्याच्या तोंडात. मी बराच वेळ तो फोटो बघत राहिले. मग खाली जाऊन माझ्या पायरीवर बसले. आक्कांनी ताकाचा पेला सरकवला. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही.

जायच्या सकाळी मी खोकी बांधत होते. चिकटपट्टीसाठी माझी कात्री बाहेर होती. ती मी पहिल्याच आठवड्यात बाजारातून आणली होती, आणि आक्का तिला "तुजं ते हत्यार" म्हणत. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग दम. परत एक पायरी. मी धावत गेले तर आक्का कठड्याला धरून वर येत होत्या, काखेत काहीतरी गुंडाळलेलं.

वर येऊन त्या माझ्या खोक्यावर बसल्या. गुंडाळलेलं उलगडलं. आकाशी शाल होती, मोराच्या नक्षीची, मला दोन वेढे बसतील एवढी मोठी. त्याच दोऱ्याची. एका कोपऱ्यात सेफ्टी पिन, आणि पिनेपासून निघालेला दोरा खाली जिन्यावरून लोंबत गेलेला. गुंडी खालीच राहिली होती.

"तुजी कात्री दी जरा," आक्का म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी कात्री पुढे केली. त्यांना ती नीट धरतासुद्धा येईना, बोटं चुकीच्या कडीत गेली. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. पिन काढली, दोरा ताणला, आणि कापला. टोक शेवटच्या फाशातून ओढून घेतलं, घट्ट केलं, अंगठ्यानं दाबून बघितलं.

"आक्का, तुम्ही दोरा कापलात!"

"मग? ह्यो उसवला की केस सुटत्यात. तू उसवू नगं." त्या शालीच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. "न्हाई उसवला तर ऱ्हाईल की तुज्याकडं."

मी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी पाठीवर दोन थापा मारल्या, कोल्हापुरी, म्हणजे चांगल्या जोरात. मग पिन बांगडीत अडकवली, जिन्यावर लोंबणारा दोरा हाताला गुंडाळत गुंडाळत एकेक पायरी उतरल्या, आणि खाली पोचल्यावर नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "आन् ती कात्री ने गं आठवनीनं. आमच्यात ठिवू नगं."